विजेची सायकल जोडताना

आमच्या घरी नवी विजेची सायकल आली. खोक्यात पुढचे चाक, हँडल आणि पायडल सुटे होते. ते आम्हीच जोडायचे ठरवले.

चाक बसले. हँडल बसले. उजवे पायडलही बसले. डावे मात्र काही केल्या बसेना. आम्ही पान्याने जोर लावणार, तोच शेजारचे तात्या म्हणाले, "अरे, थांबा! आधी त्यावरचं अक्षर वाचा."

पायडलाच्या दांड्यावर इंग्रजी अक्षर असते. 'आर' म्हणजे उजवे, 'एल' म्हणजे डावे. सायकलीवर बसल्यावर आपली जी डावी बाजू, तीच सायकलीची डावी. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळते. आम्ही जोर केला असता, तर आटे झिजले असते. मग भर रस्त्यात पायडल निखळून माणूस पडला असता.

म्हणून पायडल आधी बोटांनी फिरवावे. सहज फिरले, तरच पाना लावावा.

बॅटरी सर्वांत शेवटी बसवावी. म्हणजे काम करताना मोटर अचानक फिरणार नाही. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत.

हातात पाना असला, तरी आधी अक्षर वाचावे.