विज्ञानाच्या तासातील चर्चा

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला. मुलांनी स्वतः प्रयोग करावा व त्यावर आपसांत चर्चा करावी, हे त्याचे सूत्र होते. कोणत्याही खेड्यातील शाळेस ते साधण्याजोगे आहे.

पावसाळ्यात बर्फाचे पाणी भरलेल्या धातूच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात. ते कोठून आले, असे शिक्षकाने विचारावे. “माठासारखा पेलाही पाझरतो,” असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याचे मत फळ्यावर लिहावे, इतरांचीही लिहावीत आणि ती पडताळावी कशी, हे वर्गासच विचारावे. पाण्यात शाई घालण्याची युक्ती मुलांना न सुचल्यास सुचवावी. बाहेरचे थेंब रंगहीन दिसताच पाझरण्याचे मत मुलेच खोडतील. शेजारी ठेवलेला साध्या पाण्याचा पेला कोरडा राहील. मग हवेतील बाष्पाचेच थंड पेल्यावर पाणी झाले, हा निष्कर्ष दूर राहत नाही.

चुकलेल्या मतामुळेच वर्गास प्रयोगाची गरज भासली, हे शिक्षकाने विसरू नये. त्या मुलास हसण्यावारी नेले, तर पुढील तासास कोणीच बोलणार नाही.