वैमानिक-अभियंत्याच्या नावाची शिष्यवृत्ती मागताना

प्रतापनगर, नागपूर



लष्करी वैमानिक म्हणून सुरुवात करून पुढे विमानविद्येचा अभियंता झालेल्या व्यक्तीच्या नावाने अभियांत्रिकीची शिष्यवृत्ती दिली जाते, तेव्हा ती केवळ गरजूच्या शुल्काची सोय नसते. विमान उडवणाऱ्याला जे हाताने कळते आणि विमान घडवणाऱ्याला जे गणिताने कळते, ते एका ठिकाणी यावे, अशी अपेक्षा त्या नावामागे असते. म्हणून अशा शिष्यवृत्तीची आस धरणाऱ्या माझ्या भाचीसारख्या विद्यार्थिनीने अर्जाचे रकाने भरण्यापूर्वी ते नाव कोणाचे आणि त्या व्यक्तीचे काम कोणते, याचा अभ्यास करावा.

या परंपरेचे ठळक उदाहरण अमेरिकेतील ॲस्ट्रोनॉट स्कॉलरशिप फाउंडेशनचे आहे. ‘मर्क्युरी’ अवकाश कार्यक्रमासाठी १९५९ मध्ये निवडलेले सातही जण लष्करी चाचणी वैमानिक, म्हणजे नव्या विमानाच्या मर्यादा स्वतः उडवून तपासणारे वैमानिक होते. त्यांपैकी गस ग्रिसम १९६७ मध्ये अपोलो-१ यानाच्या आगीत मृत्युमुखी पडले, आणि उरलेल्या सहा जणांनी ग्रिसम यांच्या पत्नी बेटी यांच्यासह १९८४ मध्ये ही संस्था स्थापन केली. या सहांतील डोनाल्ड स्लेटन यांनी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतून युरोपात ५६ आणि जपानवर ७ मोहिमा केल्या, युद्ध संपल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून १९४९ मध्ये विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि बोईंग कंपनीत अभियंता म्हणून काम केले. युद्धाचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने पुन्हा वर्गात बसून वायुगतिकी, म्हणजे हवेच्या प्रवाहातून वस्तूवर येणाऱ्या बलांचे शास्त्र, पहिल्यापासून शिकावे, यातच त्यांचे मोठेपण आहे.

अनुभव आणि गणित यांची सांगड प्रत्यक्षात कशी घातली जाते, हे जॉर्ज कूपर यांच्या कामातून स्पष्ट दिसते. महायुद्धात लढाऊ विमान चालवलेले कूपर नंतर कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात चाचणी वैमानिक झाले, आणि ‘विमान जड वाटते’ किंवा ‘उतरताना नाक डोलते’ अशा वैमानिकांच्या मोघम शेऱ्यांवरून आरेखन सुधारता येत नाही, ही अडचण त्यांनी हाती घेतली. रॉबर्ट हार्पर या अभियंत्याबरोबर त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनश्रेणीत वैमानिकाला क्रमाने तीन प्रश्न विचारले जातात: विमान ताब्यात राहते का, ठरलेले काम सोसवेल इतक्या श्रमात पुरेसे जमते का, आणि सुधारणा न करताही विमान समाधानकारक आहे का. या उत्तरांवरून १ ते १० यांपैकी एक अंक ठरतो. १ म्हणजे उत्तम आणि १० म्हणजे ताबा सुटणारे विमान. वैमानिकाला जे जाणवले ते अशा रीतीने अभियंत्याच्या कागदावर उतरते आणि दोन विमानांची तुलना शक्य होते.

अनुभव आणि गणित जोडणारे हे शिक्षण परदेशातच मिळते, असे मानण्याचे कारण नाही. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे विमानांची देखभाल व दुरुस्ती सांभाळणाऱ्या विभागाचे मुख्यालय नागपुरातच वायुसेनानगरात आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊनही हवाई सिपाही म्हणून दाखल झालेले हरजिंदर सिंग पुढे याच कमांडचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने कानपूर येथे ‘कानपूर-१’ हे हलके विमान तयार झाले. नागपूरच्याच मिहान प्रकल्पात प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र आहे, तर प्रतापनगरापासून विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. स्वतंत्र विमान अभियांत्रिकीची शाखा मिळाली नाही, तरी भाचीने खिन्न होऊ नये. ग्रिसम यांची पहिली पदवीसुद्धा यंत्र अभियांत्रिकीचीच होती.

व्यवहाराच्या बाबतीत भाचीने विशेष दक्ष राहावे. ॲस्ट्रोनॉट स्कॉलरशिप फाउंडेशनची शिष्यवृत्ती अमेरिकी नागरिकांपुरती मर्यादित आहे, त्यामुळे त्या शिष्यवृत्तीचा आदर्श घ्यावा आणि अर्ज मात्र आपल्याला खुल्या असलेल्या योजनांना करावा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मुलींसाठी असून, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थिनीला तीतून वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. पुढे परदेशी उच्च शिक्षणासाठी १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा निधी आहे, पण तो कर्जाऊ आहे, हे ध्यानात ठेवावे. विमान व अवकाश अभियांत्रिकीत डॉक्टरेट करणाऱ्या कोणत्याही देशाच्या स्त्रीसाठी झोंटा संस्था १९३८ पासून अमेलिया एअरहार्ट या वैमानिकेच्या नावाने पाठ्यवृत्ती देते. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र सेतू केंद्रातून वेळेत काढून ठेवावे आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, ते पाहावे. गुणवत्ता असूनही कागद अपुरे म्हणून अर्ज बाद होणे ही टाळता येण्याजोगी हानी आहे. अर्जासोबतच्या निबंधात आकाशाला गवसणी घालण्याच्या गोष्टी लिहिण्यापेक्षा स्वतःच्या हाताने केलेला एखादा प्रयोग, त्यात आलेली मोजमापे आणि राहिलेली त्रुटी लिहावी, कारण परीक्षकाला विद्यार्थिनीचा प्रामाणिकपणा आणि तिची विचारपद्धती त्यातूनच कळते.

अखेरीस एक गोष्ट मनात ठेवावी. हृदयाचे ठोके अनियमित आढळल्यामुळे स्लेटन यांना १९६२ मध्ये अवकाश उड्डाणाची मनाई झाली. तरीही ते काम सोडून गेले नाहीत, इतर अंतराळवीरांची निवड आणि मोहिमांवरील नेमणुका यांची जबाबदारी त्यांनी वर्षानुवर्षे पार पाडली, आणि १९७५ च्या अपोलो-सोयूझ मोहिमेत वयाच्या ५१ व्या वर्षी ते अवकाशात गेले. शिष्यवृत्ती मिळाली तर ती मन लावून सार्थ करावी आणि कमावती झाल्यावर एका तरी धाकट्या विद्यार्थ्याच्या शुल्काचा भार उचलावा. ती नाकारली गेली, तर यादीत नाव नाही म्हणून अभ्यासात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये.