गुरांची साथ आणि गावाची पहिली वर्दी

मोर्शी तालुक्यातील कित्येक मुले शाळेत येण्यापूर्वी गोठ्यात जाऊन आलेली असतात. गाईच्या अंगावर उठलेली गाठ, बैलाने टाकलेला चारा, वासराचे लंगडणे या गोष्टी अनेकदा प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतात. जनावरांच्या साथीविरुद्धची सारी व्यवस्था अशा पहिल्या नजरेवर उभी असते. म्हणून परिसर अभ्यासाच्या पाठांत या विषयास स्थान देणे उचित होय.

लंपी चर्मरोगाचे उदाहरण वऱ्हाडातील प्रत्येक शेतकऱ्याच्या स्मरणात आहे. हा विषाणूजन्य रोग डास, चावऱ्या माश्या व गोचीड यांच्यामार्फत पसरतो. भारतात त्याची नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये तो जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात दिसून आला व पुढे अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांतही पसरला. सप्टेंबर महिन्यात शासनाने संपूर्ण राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित केले.

त्या वेळी कोणत्याही एका खात्याच्या हाती सारे काम नव्हते. पशुवैद्यकाने रोगी जनावर तपासावे व नमुने घ्यावेत. प्रयोगशाळेने निदान करावे. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लस टोचली जावी. जिल्हाधिकाऱ्यांनी गुरांचे बाजार व वाहतूक थांबवावी. पोलिसांनी तो आदेश अंमलात आणावा. ग्रामपंचायतीने गोठ्यांत फवारणी करवून मृत जनावर खोल पुरण्याची सोय करावी, अशी ही साखळी होती. हिच्यातील एक कडी निखळली तर बाकीच्यांचे श्रम वाया जातात. मोर्शीसारख्या सीमेवरील तालुक्यात तर शेजारच्या मध्य प्रदेशाशीही मेळ राखावा लागतो. सालबर्डीच्या यात्रेस दोन्ही बाजूंचे लोक येतात, आणि माशीला राज्याची सीमा ठाऊक नसते.

परंतु ही साखळी बहुधा पहिल्याच कडीपाशी तुटते. बाजार बंद होईल, दूध कोणी घेणार नाही, या भीतीने माणूस रोग लपवितो. त्याची भीती खोटी नसते. बैल गेला की पेरणी अडते. म्हणूनच शासनाने २०२२ मध्ये मृत जनावरांसाठी अर्थसाहाय्य ठरविले: दुभत्या गाईस तीस हजार, बैलास पंचवीस हजार व वासरास सोळा हजार रुपये. लपविलेल्या रोगाने मात्र एका गोठ्याचे नुकसान साऱ्या गावाचे होते. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार सांसर्गिक रोगाचा संशय येताच मालकाने गावचा अधिकारी वा ग्रामपंचायत यांना कळविणे बंधनकारक आहे. रोगाने मेलेले जनावर नदीत किंवा तलावात टाकणे हा गुन्हा आहे. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी अमरावती शहर पिते, एवढे सांगितले तरी या नियमाचे मर्म मुलांच्या ध्यानात येईल.

रोग बुद्ध्या पसरविण्याचे प्रयत्नही जगात झाले आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मन हस्तकांनी अमेरिकेतून युद्धभूमीकडे जाणाऱ्या घोड्यांना व खेचरांना रोगजंतूंची बाधा करण्याचा उद्योग केला होता. अशा घातपाताविरुद्ध गावाने निराळे काही करावयाचे नसते. रोग आपोआप आलेला असो वा कोणी आणलेला असो, पहिली वर्दी वेळेवर जाणे हाच पहिला बंदोबस्त होय. अफवा पसरविणे किंवा परक्या माणसावर संशय घेणे यांचा त्यात उपयोग नाही.

सर्वांनी मिळून काम केल्यास काय साधते, हे बुळकांडीच्या इतिहासात दिसते. पूर्वी गावेच्या गावे बैलांवाचून ओस पाडणाऱ्या या रोगाविरुद्ध भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय योजना हाती घेतली. घरोघर लस टोचून व गावोगाव शोध घेऊन २०११ मध्ये सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय.

पाठ पुढील क्रमाने घ्यावा.

१. मुलांकडून घरच्या गुरांची गणना करवावी व कानातील बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.

२. लाळखुरकत, घटसर्प, फऱ्या व लंपी यांची ठळक लक्षणे फळ्यावर लिहावीत.

३. वर्दीचा खेळ खेळावा. एक मुलगा गुराखी, दुसरा सरपंच, तिसरा पशुवैद्यक, चौथा जिल्हाधिकारी. निरोप शेवटपर्यंत न बदलता पोहोचतो का, हे सर्वांनी पाहावे. कोणते जनावर, कोणते गाव, कधीपासून, किती जनावरे आजारी, ही चार उत्तरे निरोपात असलीच पाहिजेत.

४. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा दूरध्वनी क्रमांक पाठ करून घ्यावा.

मुलांनी रोगी जनावरास हात लावू नये व मेलेल्या जनावराजवळ जाऊ नये, ही ताकीद प्रत्येक वेळी द्यावी. काळपुळीसारखे रोग माणसासही होतात. साथ असेल त्या वर्षी पोळ्याला बैल तोरणाखाली न नेता घरीच पुजावेत, हेही पालकांच्या सभेत सांगावे. शाळेतील मूल घरी जाऊन जे सांगते ते अनेकदा घरात ऐकले जाते. शिक्षकाने त्या सांगण्यास अचूकपणा द्यावा.