खिंडसीवर गळ टाकायला निघालेल्या भाच्यास

नागपूर, डिसेंबर

चि. बाळ,


तू कयाक घेतलीस आणि येत्या रविवारी पहाटे चारला निघून रामटेकला, खिंडसी तलावावर गळ टाकायला जाणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पाटबंधारे खात्यातली माझी उमेदीची वर्षं भंडारा जिल्ह्यातल्या तलावांच्या पाळींवर गेली, त्यामुळे पाण्याची ओढ काय असते ते मला ठाऊक आहे. पण तू काय घालून जाणार आहेस ते ऐकलं आणि लगेच लिहायला बसलो. आत सुती बनियन, त्यावर हुडी, वर जाड जर्किन, खाली जीन्स, गळ्याला मफलर, पायात गमबूट. आणि लाइफ जॅकेट म्हणे 'सोबत ठेवणार'.

हा पोशाख वाटेत मनसर गाठेपर्यंत उत्तम आहे. तिथून पुढे तो उपयोगाचा नाही. काठावर उभ्या माणसाने हवा बघून कपडे घालावेत. कयाकमध्ये बसणाऱ्याने आपण पाण्यात पडणार आहोत असं धरूनच घालावेत. या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळा त्याचाच तपशील.

आपल्या नागपूरचं नाव उन्हाळ्यासाठी झालेलं, म्हणून इथल्या थंडीला कोणी मोजत नाही. पण २९ डिसेंबर २०१८ ला शहराचा पारा ३.५ अंशांवर आला होता. एरवीही डिसेंबर-जानेवारीत पहाटे बारा-तेरा अंश आणि दुपारी अठ्ठावीसच्या घरात, असे एकाच दिवसात दोन ऋतू असतात. रामटेकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, उघड्या पाण्यावर, शहरापेक्षा गारवा जास्तच लागतो. त्यात पाण्याची गंमत अशी की ते हवेइतक्या झपाट्याने थंड होत नाही. पहाटे तलावावरून वाफ निघताना दिसेल, हात बुडवलास तर पाणी कोमट वाटेल. या कोमटपणावर अजिबात विश्वास ठेवू नकोस. हवा आठ अंशांवर असेल तर अठरा-वीस अंशांचं पाणी हाताला ऊबदारच वाटणार. सबंध अंग त्यात गेलं की हिशेब बदलतो, कारण पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. थंड देशांत पाण्यावरच्या सुरक्षेचं काम करणारे लोक एकवीस अंशांखालच्या पाण्याला जपूनच असावं असं सांगतात. आपला तलाव थंडीत त्या रेषेच्या आसपासच असतो.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून माणसाचं काय होतं ते अभ्यासलं. त्यांचा एक, दहा, एक असा साधा हिशेब आहे. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला; पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात; आणि गारठून शुद्ध जायला साधारण एक तास. हे आकडे बर्फासारख्या पाण्याचे आहेत. खिंडसीत दहाची जागा बरीच लांबेल, तासाची तर फारच. पण त्या पहिल्या मिनिटाची जात तीच राहते. गार पाणी छातीला लागताच माणूस एकदम मोठा श्वास आत ओढतो, धाप लागते, आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर श्वासाबरोबर पाणीच आत जातं. चांगले पोहणारे बुडतात ते बऱ्याचदा इथेच. त्या मिनिटात पोहायचं नाही, ओरडायचं नाही. कयाकची कड धरायची, तोंड वर ठेवायचं आणि श्वास ठिकाणावर येईपर्यंत थांबायचं. ते मिनिट तुला मिळवून देणारी एकच वस्तू आहे, अंगावरचं लाइफ जॅकेट.

म्हणून ऊबेच्या आधी जॅकेटचं बोलतो. जुलै २०१७ मध्ये अमरावती मार्गावरच्या वेणा जलाशयात नाव उलटली आणि तुझ्या वयाची पोरं गेली. पाणी पावसाळ्यातलं होतं, गारठ्याचा प्रश्न नव्हता. अंगावर जॅकेटं नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली, तिथेही तीच गत. त्या बिचाऱ्या मजुरीसाठी जात होत्या, त्यांना जॅकेट देणारं कोणी नव्हतं. तू हौसेखातर चालला आहेस आणि तुझ्याकडे जॅकेट आहे. ते पायाशी ठेवलंस तर त्याचा काही उपयोग नाही, कारण कयाक उलटल्यावर ते एकीकडे जाईल आणि तू दुसरीकडे. जॅकेट किमान ५० न्यूटनचं असू दे, म्हणजे साधारण पाच किलोची उचल देणारं. पट्टे आवळल्यावर कोणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांग. ते हनुवटीवर सरकलं तर ते तुझ्या मापाचं नाही. समोरच्या खिशात शिट्टी बांधून ठेव.

आता कपडे. अंगाला लागून सुती काही नको. सुती बनियन घामाने किंवा शिंतोड्यांनी ओलं झालं की वाळतच नाही, आणि तलावावरचं पहाटेचं वारं त्या ओलाव्यातून तुझी ऊब उपसत राहतं. नुसतं घामाने भिजलेलं बनियनही तासाभरात दातावर दात आपटायला लावतं, त्यासाठी पाण्यात पडावं लागत नाही. आत पॉलिएस्टरचं किंवा लोकरीचं अंगाबरोबर बसणारं थर्मल घाल, वरचं आणि खालचं दोन्ही. त्यावर पातळ लोकरी स्वेटर किंवा फ्लीस. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते, हा तिचा मोठा गुण. हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी मंडळी स्वेटर विकायला बसतात तिथे जा, पण जाडजूड बघू नकोस. पातळ, घट्ट विणीचं, मनगटाला आवळ बसणारं घे. सगळ्यात वर वारा अडवणारं, पाणी न झिरपणारं हलकं जाकीट. आणि त्याच्याही वर, सगळ्यांत बाहेर, लाइफ जॅकेट.

जीन्स मुळीच नको. भिजलेली जीन्स तुला तळाला ओढून नेईल असं नाही, पण पाय मारू देत नाही, आणि कयाकवर परत चढताना कमरेखालचा सगळा भार अंगावर येतो. चढता न येणं हाच खरा घात. गमबुटांचंही तेच, पाणी भरलं की त्या पायांनी चढणं कठीण. त्याऐवजी निओप्रीनचे पातळ बूट, नाहीतर लोकरी मोज्यांवर घट्ट बसणारे साधे कॅनव्हासचे. परवडत असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा, बाह्या नसलेला निओप्रीन सूट आत घाल. तो अंगालगत पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो आणि अंगाच्या ऊबेने तो थर तापतो. थंड देशांतले लोक पूर्ण कोरडा राहणारा सूट घालतात, त्याची इथे गरज नाही. अकराच्या उन्हात तू त्यात उकडून निघशील. मफलर घरी ठेव. वल्ह्यात अडकतो, गळाचा काटा त्यात रुततो, आणि पाण्यात गळ्याभोवती लोंबणारं काहीही वाईट. अंगाबरोबर बसणारी कानटोपी पुरे. हातमोजे बोटं उघडी ठेवणारे घे, नाहीतर गाठ मारायला दर वेळी काढशील आणि एक पाण्यात जाईल.

धोक्याची खरी वेळ पहाटेची नाही, दहाची आहे. हे नीट वाच. धुकं विरतं, ऊन चढतं, वल्हवून वल्हवून आत घाम सुटतो, स्वेटर टोचायला लागतो. स्वेटर काढायचा तर आधी जॅकेट काढावं लागतं. माणूस पट्टे सोडतो, जॅकेट पायाशी टाकतो, स्वेटर डोक्यावरून ओढायला लागतो. त्या क्षणी डोळे झाकलेले, दोन्ही हात वर गुंतलेले, तोल उंचावलेला, आणि वल्हं मांडीवर मोकळं. कयाक हलली की गेलाच. आणि नाही हलली, तरी उन्हात बरं वाटतं म्हणून जॅकेट परत चढवलं जात नाही. म्हणून नियम कर: कपडा काढायचा तो काठावर येऊन. दहाच्या सुमारास काठाला लागायचं, चहा घ्यायचा, एक थर उतरवायचा, पट्टे नव्या मापाने पुन्हा आवळायचे आणि मग परत जायचं. थर कमी झाला की पट्टे सैल पडतात, हे लोक विसरतात.

भंडाऱ्याकडच्या जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर मच्छीमारांना मी जवळून बघितलं आहे. जानेवारीच्या पहाटे माणूस पाळीवर येतो, अंगातला सदरा काढून घडी करतो, घोंगडी, टॉवेल आणि काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, पिशवीचं तोंड पिळून गाठ मारतो आणि झाडाच्या बेचक्यात ठेवतो. मग चड्डीवर पाण्यात. जाळं बघून आला की आधी अंग कोरडं, मग घोंगडी, मग शेकोटी. कितीही मासळी असो, हा क्रम मोडत नाही. त्याचं उघड्या अंगाने उतरणं तू घेऊ नकोस. त्याचा जन्म त्या पाण्यात गेला आहे, तळाचा खड्डा न् खड्डा त्याला ठाऊक आहे आणि काठापासून तो लांब जात नाही. ती पिशवी मात्र जशीच्या तशी घे. एक पूर्ण कोरडा जोड, टॉवेल, जाड चादर, काडेपेटी. गाडीच्या डिकीत ठेवलीस तरी चालेल. मात्र किल्ली तुझ्या अंगावर, चेनच्या खिशात असू दे. मोबाइलही पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये, अंगावरच.

आणि मुळात चारला निघण्याची गरज काय? आपल्याकडचे रोहू, कतला, मरळ ही ऊबदार पाण्याची मासळी. गारठ्यात ती सुस्तावते, खोल बसते, चारा कमी घेते. ऊन वर येऊन काठालगतचं उथळ पाणी जरा तापलं की हालचाल सुरू होते. पहाटेची लगबग उन्हाळ्यात ठीक. हिवाळ्यात आठला कयाक पाण्यात घातलीस तरी तुझं काही जाणार नाही. धुकं असेल तर ते विरेपर्यंत काठावर बस.

तिथे गेल्यावर आधी मच्छीमारांना भेट. तलावातली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्यांची परवानगी घे, तो त्यांचा हक्क आहे, आणि जाळी कुठे लावली आहेत, बुडालेली झाडं कुठे आहेत हेही त्यांनाच ठाऊक असतं. नायलॉनच्या जाळ्यात पाय अडकला तर कापायला लहान सुरी जॅकेटला बांधलेली असू दे. रब्बीचं पाणी सुटत असेल तेव्हा विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, जवळपास फिरकू नकोस, वरून पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ असते. आणि मोठ्या पाण्याच्या मोहाने तोतलाडोहकडे वळू नकोस. तो पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे.

पडल्यावर परत चढायचा सराव पहिल्याच दिवशी कर, काठाजवळ, छातीभर पाण्यात, ऊन चढल्यावर, सोबत कोणीतरी असताना. याच कपड्यांनिशी. कयाक सरळ करायची, मधोमध दोन्ही हात टेकायचे, पाय पाण्याच्या पातळीवर आणून जोरात मारायचे, पोटावर आडवं चढायचं, मग वळून बसायचं. ज्या कपड्यांत हे जमत नाही ते कपडे बाद.

भिजून काठाला आलास, किंवा सोबतचा भिजला, तर आधी ओलं काढायचं, अंग पुसायचं, कोरडं घालायचं, चादरीत गुंडाळायचं, वाऱ्याच्या आड बसायचं. शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल तर गोड गरम चहा. हातपाय चोळू नका. ब्रँडीचा घोट तर कधीच नको. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. हुडहुडी भरली आहे तोवर शरीर झगडत असतं. हुडहुडी थांबली, बोलणं अडखळायला लागलं, बोटांना चेन लावता येईना, तर शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं असं समजून सरळ दवाखाना गाठायचा.

शनिवारी संध्याकाळी घरी ये, सगळं सामान घेऊन. जॅकेटचे पट्टे मला स्वतः ओढून बघायचे आहेत, आणि माझा घट्ट विणीचा लोकरी स्वेटर तुला होतो का तेही बघू. रविवारी एकटा जाऊ नकोस. कुठल्या काठाने उतरणार आणि किती वाजता परतणार ते निघताना आईला सांग, मला मेसेज कर. साडेबाराला मी तुझ्या फोनची वाट बघायला लागेन. एकपर्यंत आला नाही तर ११२ ला फोन लावीन.

तुझा,
मामा