घडीचा कीबोर्ड घ्यावा का?

प्रश्न: मला दिसत नाही. टॉकबॅक वापरून फोनवर टायपिंग फार संथ होतं. घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घेऊ का?

उत्तर: शक्यतो नको. न बघता लिहिताना बोटांना ठिकाण सापडतं ते एफ आणि जे या कळांवरच्या उंचवट्यांमुळे, आणि घडीच्या सांध्यापाशी नेमक्या मधल्याच कळा बऱ्याचदा लांब-आखूड केलेल्या असतात. सवय तिथेच मोडते. सलग, छोटा कीबोर्ड शबनममध्येही मावतो. टचपॅडवाला टाळा, तळहात लागून कर्सर भरकटतो. बोलून लिहिता येतं हे खरं, पण भर एसटीत पासवर्ड कोण उच्चारणार? टॉकबॅकचे बरेच शॉर्टकट ऑल्टवर चालतात, तेव्हा ती कळ पटकन हाताला लागते का, हे दुकानातच फोनला जोडून पाहा. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट निवडलंत, तर ‘क’ के-च्या कळेवरच मिळतो.