संदेशाचे टप्पे

पूर्वी डाकेची थैली घेऊन हरकारे धावत असत. आपला टप्पा संपताच एक हरकारा ती थैली दुसऱ्याच्या हाती देई व दुसरा ती पुढे नेई. आज आकाशमार्गे जाणारे संदेशही असेच टप्प्याटप्प्याने प्रवास करतात.

परीक्षा देऊन, सरकारी परवाना मिळवून, केवळ हौसेने बिनतारी संदेशवहन करणाऱ्यांस हौशी रेडिओचालक किंवा 'हॅम' म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत भांडुप व मुलुंड यांच्यामध्ये नाहूर हे स्थानक आहे. त्याच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर असून त्यांच्या पलीकडे बोरीवली आहे. नाहूरच्या एखाद्या हॅमला बोरीवलीस संदेश धाडावयाचा आहे, असे समजा. हॅम वापरतात त्या २ मीटर लांबीच्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्या अडतात. अशा वेळी उंच जागेवरील रिपीटर, म्हणजेच पुनःक्षेपण केंद्र, उपयोगी पडते.

प्रथम संगणक संदेशातील प्रत्येक अक्षराचे ० व १ या अंकांत रूपांतर करतो. मग त्या अंकांची लहान लहान पाकिटे बनतात. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे संकेतनाव असते आणि शेवटी तपासणीचा एक आकडा असतो. रिपीटर संपूर्ण पाकीट ऐकून घेतो व तो आकडा पडताळतो. पाकीट निर्दोष असेल तरच तो ते पुढे धाडतो. बिघडलेले पाकीट टाकून देतो. इष्ट स्थळाहून पोच आली नाही, तर मूळ केंद्र तेच पाकीट पुन्हा पाठवते. या रीतीत सामान्यतः सेकंदास १२०० अंक, म्हणजे सुमारे १५० इंग्रजी अक्षरे जातात. हा वेग मोठा नव्हे. परंतु संदेश अचूक पोहोचतो.

या अचूकपणाचे मोल संकटकाळी कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज व दूरध्वनी ठिकठिकाणी बंद पडले. १९९३ च्या लातूर भूकंपात हॅम मंडळींनी संदेशवहनाचे काम केले होते. अशा प्रसंगी औषधाच्या नावातील एक अक्षर किंवा जखमींच्या संख्येतील एक अंक चुकला, तरी अनर्थ होईल. म्हणून हाती आलेला संदेश पारखून, जसाच्या तसा पुढे देणे, हेच प्रत्येक टप्प्याचे कर्तव्य होय.

स्वाध्याय
१. नाहूरहून बोरीवलीस संदेश पाठवताना कोणती अडचण येते?
२. रिपीटर कोणते पाकीट टाकून देतो?
३. हरकारा व रिपीटर यांच्या कामांतील साम्य व भेद सांगा.