डेलियाचे गड्डे : काढणी आणि पावसाळ्यापर्यंतची साठवण

डेलियाची फुले फेब्रुवारी-मार्चपर्यंत संपतात. त्यानंतर पुढच्या हंगामापर्यंत बागायतदाराजवळ उरतो तो जमिनीखालचा गड्डा. तो टिकला तर बेणे घरचे. नासला किंवा वाळला तर रोपवाटिकेतून पुन्हा विकत आणावे लागते आणि हवी ती जात मिळेलच असे नाही. बी धरून जात राखता येत नाही. डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असल्याने एकाच फुलाच्या बियांपासून नाना रंगांची आणि नाना आकारांची रोपे निघतात. मोठ्या फुलाची निवडक जात राखायची तर गड्डा किंवा छाट कलम हेच मार्ग आहेत.

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत गड्डे हिवाळ्यात साठवावेत असे लिहिलेले असते. तिकडे ते बरोबर आहे. युरोपात पहिल्या हिमाने झाड काळे पडते, म्हणून गड्डे काढून वसंत ऋतूपर्यंत घरात ठेवतात. हिमाचल, काश्मीरकडेही तीच रीत आहे. महाराष्ट्राच्या पठारी भागात मात्र हिवाळा हाच डेलियाचा हंगाम असतो. येथे गड्डा सांभाळायचा तो एप्रिल-मेच्या उन्हापासून आणि नंतरच्या पावसापासून. उन्हात तो सुकतो, पावसात कुजतो. या दोन्ही गोष्टींची तजवीज एकदम करावी लागते, खरी अडचण तीच आहे.

डोळा कोठे असतो?

बटाटा हे जमिनीतील खोड आहे, म्हणून त्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाचा कंद म्हणजे रताळ्याप्रमाणे फुगलेले मूळ. परंतु रताळ्याच्या मुळालाही कोंब फुटतो, डेलियाच्या मुळाला तेवढेही जमत नाही. त्याचे डोळे फक्त जुन्या खोडाच्या बुडाशी, कंदांच्या माना जेथे जुळतात तेथे असतात. कंद कितीही जाडजूड असला तरी मान मोडली की तो बेण्याच्या दृष्टीने निकामी झाला. सालीला लोंबकळत राहिलेला कंदही त्यातलाच. विकत घेताना सुटे कंद कोणी देऊ केले तर खोडाचा तुकडा आणि डोळा सोबत आहे याची खात्री करून घ्यावी.

लागवडीतच साठवणीची तयारी

दिवस बारा तासांपेक्षा लहान झाला की झाड मुळांत अन्न साठवू लागते. त्यामुळे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरमध्ये लावलेल्या झाडाचे गड्डे चांगले भरतात. डिसेंबरात लावलेल्या झाडाला फूल येते, पण गड्डा बारीक राहतो आणि असा गड्डा मे महिना काढत नाही. जमीन उत्तम निचऱ्याची असावी. मोठ्या फुलांच्या जातींसाठी दोन झाडांत ६० ते ९० सें.मी. अंतर ठेवावे. आधाराची काठी लागवडीच्या वेळीच रोवावी, नंतर रोवल्यास ती नेमकी गड्ड्यात घुसते. नत्र बेताने द्यावे. युरियाचा मारा केलेल्या झाडाचे कंद पाणचट होतात व लवकर नासतात.

बेण्याची निवड फुले असतानाच करावी, गड्डे काढल्यावर सगळे सारखेच दिसतात. पानांवर पिवळट-हिरवे चट्टे पडलेली, शिरांलगत पिवळी झालेली, खुजी झाडे केवड्याची म्हणजे मोझॅक विषाणूची असू शकतात. हा रोग मावा पसरवतो आणि गड्ड्यातून पुढच्या वर्षी जातो. अशी झाडे फूल कितीही देखणे असले तरी उपटून नष्ट करावीत. चांगल्या झाडांना जातीचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

काढणी

फुले संपल्यावर पाणी हळूहळू कमी करून शेवटचे दोन-तीन आठवडे बंद करावे. हिरवे झाड लगेच कापून टाकू नये, पिवळे पडेपर्यंत पाने कंद भरत असतात. मग खोड १० ते १५ सें.मी. ठेवून छाटावे. झाडापासून सुमारे एक फूट अंतरावर चारी बाजूंनी कुदळीने माती सैल करावी आणि गड्डा खालून दोन्ही हातांनी उचलावा. खोड धरून ओढल्यास माना मोडतात. डेलियाचे खोड पोकळ असते व त्यात ओल साचून कूज सुरू होते. म्हणून गड्डे खोड खाली करून दोन-तीन दिवस सावलीत निथळत ठेवावेत. उन्हात वाळवू नयेत.

गड्डे या वेळी फोडावेत काय? आमच्या मते फोडू नयेत. तेव्हा डोळे नीट दिसत नाहीत, शिवाय जितके काप अधिक तितका सुकवा व कूज अधिक. जखम झालेल्या जागी गंधकाची भुकटी लावावी. खोडाच्या बुडाशी खडबडीत गाठी असलेला गड्डा ठेवू नये.

साठवण

गड्ड्यांना ४ ते १० अंश सें. तापमान मानवते. ते घरी मिळणे शक्य नाही, पण त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे. मातीच्या भिंतीच्या घरातील अंधारी, हवेशीर खोली उत्तम. पत्र्याखालची खोली टाळावी. कुंडीत किंवा खोक्यात वाळूचा थर देऊन गड्डे एकमेकांना न लागता मांडावेत आणि माना झाकतील इतकी वाळू घालावी. वाळू अगदी कोरडी नको, ओलीही नको. मुठीत दाबून गोळा होत असेल तर ती जास्त ओली आहे असे समजावे. वरून उंदरांसाठी जाळी लावावी. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ही खोकी उन्हाळ्यात त्यात ठेवण्यास हरकत नाही. मात्र हवा दमट झाली की तो गारवा देत नाही, ओल तेवढी राहते. म्हणून पहिल्या पावसाबरोबर खोकी बाहेर काढावीत. कुंडीत वाढवलेले गड्डे कुंडीतच राहू द्यावेत आणि कुंड्या छपराखाली आडव्या कराव्यात.

दर पंधरा दिवसांनी गड्डे पाहावेत. सुरकुत्या पडू लागल्यास वाळूवर, गड्ड्यावर नव्हे, पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. मऊ पडलेला, वास येणारा भाग पांढरा गर लागेपर्यंत कापून गंधक लावावे. असा गड्डा वेगळा ठेवावा.

जुलै-ऑगस्टमध्ये डोळे फुगतात. तेव्हा गड्डे पाऊस लागणार नाही अशा उजेडाच्या जागी, माना उघड्या ठेवून ओलसर वाळूत मांडावेत. डोळे स्पष्ट दिसल्यावर धारदार चाकूने गड्डा असा फोडावा की प्रत्येक भागाला एक कंद, खोडाचा तुकडा व एक डोळा येईल. रोपे जास्त हवी असल्यास फोडण्याऐवजी ७-८ सें.मी. उंचीचे कोंब बुडाशी काढून वाळूत लावावेत. दोन-तीन आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात व गड्ड्याला पुन्हा नवे कोंब येतात.